‘फार जातं’ म्हणजे नेमकं किती?

“फार जातं हो अंगावरून,” मी डॉक्टरांना म्हटलं.

“फार म्हणजे किती?”

मला उत्तर देता आलं नाही. दहा-बारा वर्षं दर महिन्याला जे सोसत होते त्याचं माझ्याकडे माप नव्हतं. ‘फार’, ‘नेहमीसारखंच’, ‘या वेळी जरा जास्त’ या तीन शब्दांपलीकडे माझी गाडी जात नव्हती. डॉक्टरांनी एक सोनोग्राफी करून घेतली, ती नॉर्मल आली, रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या मिळाल्या आणि मी घरी आले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मराठीत दोन वाक्प्रचार अगदी शेजारी बसतात. अंगावरून जाणं आणि अंगावर काढणं. पहिलं शरीर करतं, दुसरं आपण करतो. ‘पाळी म्हटल्यावर एवढं होणारच’ हे वाक्य आपण इतक्या जणींच्या तोंडून ऐकलेलं असतं की आपल्याला जे होतंय ते ‘एवढं’च आहे की त्याहून बरंच जास्त, हे तपासून पाहावं असं वाटतच नाही. म्हणून आधी मापाबद्दल बोलू.

एका पाळीचं अंतर पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. ते २४ ते ३८ दिवसांत कुठेही असलं आणि रक्तस्राव आठ दिवसांच्या आत थांबत असला, तर पाळी वेळेत आहे असं समजायचं. दर वेळी बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी यायला हवी असा काही नियम नाही. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षं आणि पाळी जायच्या आधीची काही वर्षं हे गणित आणखी सैल असतं.

रक्ताचं माप काढणं मात्र अवघड. १९६६ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी ४७६ स्त्रियांनी वापरलेले पॅड गोळा करून त्यांतलं रक्त रासायनिक पद्धतीने मोजलं, आणि त्यातून ८० मिलिलिटर हा आकडा आला. एका पाळीत याहून जास्त रक्त गेलं तर ते अति. एरवी साधारण ३० ते ४० मिलिलिटर जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पण घरात बसून हे कोण मोजणार? म्हणून आता डॉक्टर त्या आकड्याला धरून बसत नाहीत. रक्तस्रावामुळे तुमचं हिंडणं-फिरणं, काम, झोप, मन यांत अडथळा येत असेल तर तो अतिरक्तस्रावच, अशी आजची व्याख्या आहे. तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणं, त्यासाठी रात्री उठावं लागणं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणं, एकावर एक दोन पॅड लावून बाहेर पडणं, गडद रंगाचेच कपडे निवडणं. यातलं शेवटचं कुणी आजाराचं लक्षण म्हणून सांगत नाही, पण मी सांगेन.

आकडा हवाच असेल तर एक सोपा तक्ता आहे, १९९० पासून वापरात असलेला. डाग लागलेल्या पॅडला १ गुण, बराचसा भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. पाळी संपली की बेरीज करायची. शंभरच्या वर गेली तर रक्तस्राव बहुधा जास्त आहे. हे माप ढोबळ आहे, कारण पॅडची शोषणक्षमता कंपनीगणिक बदलते. गंमत म्हणजे, आत्तापर्यंत ही क्षमता बहुतेक मिठाचं पाणी ओतून तपासली जायची. वेगवेगळी उत्पादनं खऱ्या रक्ताने तपासणारा पहिला अभ्यास प्रसिद्ध व्हायला २०२३ साल उजाडलं! मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांचं काम सोपं, बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या खुणाच असतात. फक्त कपात जमतं ते सगळं रक्त नसतं, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि इतर द्रवही त्यात येतात, एवढं लक्षात ठेवायचं.

वही

तीन पाळ्या नोंद ठेवा. मोबाइलमधलं ॲप चालेल, वही चालेल, कॅलेंडरचा कोपराही चालेल. पाळी कधी आली, कधी थांबली, दिवसाला किती पॅड, गाठी पडल्या का, हे तर लिहायचंच. पण दुखण्याबद्दल लिहिताना नुसतं ‘दुखलं’ लिहू नका. दुखायला रक्तस्रावाच्या आधी लागलं की नंतर? कुठे दुखलं: ओटीपोटात, कमरेत, मांड्यांत, शौचाच्या वेळी, लघवीच्या वेळी, शरीरसंबंधाच्या वेळी? दहापैकी किती? कुठली गोळी किती वाजता घेतली आणि तिने काय फरक पडला? त्या दिवशी काय करायचं राहिलं? मन कसं होतं? दोन पाळ्यांच्या मध्ये लागलेला एखादा डागसुद्धा लिहा.

रोज दोन मिनिटांचं काम. कंटाळा येतो, मीही मध्ये आठवडाभर सोडून दिलं होतं. पण निदानाचा निम्मा रस्ता याच नोंदींतून जातो, कारण पाळीच्या आजारांत काय होतंय याच्याइतकंच ते कधी होतंय याला महत्त्व असतं.

रक्ताचा हिशेब

अतिरक्तस्रावाचा जो परिणाम सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो तो म्हणजे लोहाची कमतरता. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ८० मिलिलिटर रक्त गेलं की ४० मिलिग्रॅम लोह गेलं. अन्नातून शरीर दिवसाला शोषतं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, आणि त्यातलं जवळपास १ मिलिग्रॅम शरीराच्या रोजच्या झिजेतच संपतं. आवक एवढीच आणि जावक ही. अशा घरात आधी साठवलेलं संपतं, मग कर्ज होतं.

साठा संपतोय हे हिमोग्लोबिनवरून कळत नाही. हिमोग्लोबिन म्हणजे हातात खेळता पैसा, तो शेवटपर्यंत टिकवला जातो. साठ्याचा आकडा फेरिटिन नावाच्या तपासणीत दिसतो. हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून ‘रक्त ठीक आहे’ असं सांगून पाठवलेल्या बाईचं फेरिटिन ९ निघू शकतं. ते १५ च्या खाली गेलं तर साठा रिकामा झाला असं समजतात, आणि अनेक तज्ज्ञ ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. जिना चढताना दम लागणं, केस गळणं, कामात लक्ष न लागणं, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं, बर्फ चघळावासा वाटणं, ही सगळी त्याची लक्षणं असू शकतात. तेव्हा फेरिटिन तपासायला सांगा. नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका.

लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन-तीन घेतल्या की जास्त फायदा होतो, असं नाही. एक गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि ते पुढचा जवळपास एक दिवस लोहाचं शोषण कमी करतं. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर एक दिवसाआड एक गोळी देतात. पोटालाही ते सोसतं. गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नये. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरेपर्यंत, साधारण तीन महिने, ती चालू ठेवावी लागते. गोळ्या सोसतच नसतील किंवा कमतरता फार असेल तर शिरेतून लोह देता येतं.

दिसणारी कारणं, न दिसणारी कारणं

आता त्या ‘नॉर्मल’ सोनोग्राफीकडे येऊ. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, २०११ साली अनियमित आणि अति रक्तस्रावाच्या कारणांची नऊ गटांत मांडणी केली. त्यातले चार गट डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला दिसणारे आहेत: अस्तरावर वाढणारे पॉलिप, गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं अस्तर म्हणजे ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अस्तराची वाढ. उरलेले पाच न दिसणारे: रक्त गोठण्यातला दोष, बीज वेळेवर न सुटणं, अस्तराच्याच कामातला बिघाड, औषधांचे किंवा तांबीसारख्या साधनांचे परिणाम, आणि ज्यांना अजून स्वतःचा कप्पा मिळालेला नाही अशी कारणं.

म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ एवढाच, की दिसणाऱ्यांपैकी मोठं काही दिसलं नाही. कारणच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला कुणीतरी दहा वर्षं आधी सांगायला हवं होतं.

न दिसणाऱ्यांपैकी रक्त न गोठण्याचा दोष फार वेळा निसटतो. १९२६ साली एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या रक्तस्रावाच्या आजाराचं वर्णन केलं. त्यांनी तपासलेली त्या घरातली लहान मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात गेली. आज त्या आजाराला त्यांचं नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. अगदी पहिल्या पाळीपासून खूप रक्त जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, कारण नसताना अंगावर निळे-काळे डाग पडत असतील, आई-बहिणीलाही असंच होत असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नेहमीच्या रक्ततपासणीत हा दोष दिसेलच असं नाही, त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात.

बीज वेळेवर न सुटण्यामागे थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या हॉर्मोनांचा बिघाड असू शकतो, पण सगळ्यात जास्त आढळतो तो पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो. ‘अंडाशयात गाठी आहेत’ असं सांगितलं की घरात धसका बसतो. पण त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पुटिका असतात. खरी काळजी वेगळी. पाळी तीन-तीन महिने आलीच नाही तर अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि पुढे त्याचा धोका होऊ शकतो. म्हणून ‘नाही आली तर बरंच की’ असं म्हणून बसू नये. वजन कमी केल्याने अनेकींची पाळी सुधारते हे खरं, पण तेवढंच सांगून बाईला परत पाठवणं हा उपचार नव्हे.

दुखणं

पाळीत अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती गर्भाशयाला आवळायला लावतात, म्हणून कळा येतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी हीसुद्धा त्यांचीच करणी. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत. पण तयार झालेल्यांना त्या हटवू शकत नाहीत. इथे बहुतेकजणींचं चुकतं. ‘सहन होईल तेवढं करू, मग घेऊ’ म्हणत गोळी लांबवली की ती निम्मंच काम करते. पाळीची चाहूल लागताच गोळी सुरू करायची आणि पहिले एक-दोन दिवस ठरलेल्या अंतराने, काही खाल्ल्यानंतर घ्यायची. या गोळ्यांनी रक्तस्रावही थोडा कमी होतो. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, वेदनाशामकांनी उठणारा दमा किंवा रक्त न गोठण्याचा दोष असेल तर मात्र त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

गरम पाण्याची पिशवी ही नुसती मनाची समजूत नाही. पोटावरच्या शेकाचा परिणाम छोट्या चाचण्यांमध्ये वेदनाशामक गोळीच्या तोडीचा दिसला आहे. नियमित व्यायामाचाही उपयोग होतो. अर्थात कळांनी वळलेल्या बाईला त्याच क्षणी ‘जरा चालून ये’ सांगणाऱ्याला माझा नमस्कार.

साधं दुखणं रक्तस्रावाबरोबर येतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. पण दुखायला पाळीच्या कितीतरी आधी लागत असेल, दर वर्षी ते वाढत चाललं असेल, शौचाला किंवा शरीरसंबंधाच्या वेळी कळ येत असेल, वेळेवर घेतलेली गोळीही पुरी पडत नसेल, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या आवरणावर रुजतात आणि तिथे दाह सुरू होतो. जगात जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना, म्हणजे पाळीच्या वयातल्या साधारण दहात एकीला, हा आजार आहे. तरीही निदानाला कित्येक वर्षं लागतात. एक कारण आपलं सोसणं, आणि दुसरं असं की छोटे ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. शिवाय आजार किती पसरला आहे आणि दुखतं किती, यांचा मेळ बसत नाही. चार ठिपक्यांनी एखादी अंथरुणाला खिळते आणि मोठी गाठ असलेल्या दुसरीला मूल होत नाही म्हणून तपासेपर्यंत पत्ताच नसतो.

पूर्वी दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनंतर ते बदललं. लक्षणांवरून दाट शंका असेल तर शस्त्रक्रियेची वाट न पाहता औषध सुरू करता येतं.

उपचार निवडताना

पहिला प्रश्न तुम्हाला काय हवंय, हा. रक्त कमी व्हायला हवं, दुखणं थांबायला हवं की पाळी नियमित व्हायला हवी? मूल हवंय का, आत्ता की पुढे कधीतरी? एकाच आजारावर यांची उत्तरं बदलली की औषध बदलतं. पीसीओएस असलेल्या ज्या बाईला मूल हवंय तिला बीज सुटायची गोळी लागते. जिला नकोय तिला अगदी उलट कामाची गोळी चालते.

हॉर्मोन नको असतील आणि रक्त फार जात असेल, तर ट्रॅनेक्सामिक ॲसिड आहे. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारं औषध शोधताना ओकामोतो उताको या जपानी डॉक्टर बाईंनी आपल्या पतीबरोबर ते शोधून काढलं, १९६२ साली. हे औषध झालेल्या गुठळ्या विरघळू देत नाही. फक्त रक्तस्रावाचे चार-पाच दिवस घ्यायचं. रक्त निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकतं, दुखणं मात्र जैसे थे. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेल्यांनी ते घेऊ नये.

हॉर्मोनचा आययूडी हे तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं एक छोटं साधन. त्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं ५२ मिलिग्रॅम हॉर्मोन असतं आणि ते सुरुवातीला दिवसाला साधारण २० मायक्रोग्रॅम या हिशेबाने झिरपतं. अतिरक्तस्रावावर औषधांमध्ये याच्याइतकं परिणामकारक दुसरं क्वचितच असेल. पण पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसल्यामुळे कितीतरी जणी ते दुसऱ्याच महिन्यात काढून टाकतात. गर्भनिरोधक गोळ्या, एंडोमेट्रिओसिससाठी डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टिनं (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी औषधं), यांचंही तसंच. तीन महिने पुरे होईपर्यंत निकाल लावू नका, आणि तीन महिन्यांनी फरक नसेल तर ‘बघू’ म्हणत वर्ष काढू नका.

‘हॉर्मोन’ या शब्दाची भीती मोठी आहे. गोळ्या बंद केल्यावर मूल व्हायला अडचण येत नाही. एकत्रित गोळ्यांमुळे, म्हणजे ज्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असतात त्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे, अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. डोळ्यांपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, गुठळीचा इतिहास, पस्तिशीनंतर धूम्रपान, यांपैकी काही असेल तर या गोळ्या नकोत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

‘आता मुलं झाली ना, मग पिशवी काढून टाका’ हा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. काही आजारांत गर्भाशय काढणं हाच योग्य उपाय असतो आणि त्यानंतर सुटका झालेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. पण आधी कारण काय, औषधं देऊन पाहिली का, नुसता पॉलिप किंवा नुसती गाठ काढून भागेल का, अंडाशय राहणार की तीही जाणार, हे विचारायला हवं. अंडाशय वेळेआधी काढली तर हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो. आणि एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर पसरलेला असेल तर गर्भाशय काढूनही दुखणं उरू शकतं.

पाळीच्या आधीचे दिवस मनावर कोसळत असतील, म्हणजे आठ-दहा दिवस टोकाची चिडचिड, रडू, सगळं संपवावं असे विचार, आणि रक्तस्राव सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत लख्ख उजाडल्यासारखं होत असेल, तर तो स्वभावदोष नाही. त्याला पीएमडीडी म्हणतात. सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद हाच त्याच्या निदानाचा पाया. त्यावर नैराश्याची काही औषधं लवकर लागू पडतात, कधीकधी फक्त त्या दिवसांपुरती घेऊनही. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र नोंद पुरी व्हायची वाट पाहू नका, आजच मदत घ्या.

वाट न पाहण्याच्या आणखी गोष्टी: लागोपाठ दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजणं, चक्कर किंवा भोवळ येणं, दिवस गेले असण्याची शक्यता असताना रक्त जाणं किंवा पोटात एका बाजूला जोराची कळ येणं, दुखण्याबरोबर ताप. शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर वर्षानंतर पुन्हा डाग दिसणं, या गोष्टींना रात्री धावपळ नको, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पंचेचाळिशीनंतर रक्तस्रावाची तऱ्हा बदलली तर अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा लागतो.

दुसऱ्या डॉक्टरांकडे मी वही घेऊन गेले. ‘फार जातं’ म्हटलं नाही. चार पाळ्यांत अकरा दिवस कामावर जाता आलं नाही, दुसऱ्या दिवशी नऊ पॅड लागतात, फेरिटिन ८ आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी वही ओढून घेतली, पानं उलटली आणि विचारलं, “दर वेळी रक्त सुरू व्हायच्या तीन दिवस आधीपासून दुखतंय तुम्हाला. हे आधी कुणाला सांगितलं नव्हतंत?”

नव्हतं सांगितलं. चार पानांवर चार वेळा लिहून होईपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.